दुसरं नाणं दाखवा

३ मार्च

धाकट्या,

चिरंजीव, आशीर्वाद, खुशाली यातलं काही लिहीत नाही. तूही लिहिलं नाहीस. तुझं पत्रक काल पोचलं. बाबांच्या नावानं, छापील, वर ‘मान्यवर सभासद’, खाली तुझी सही, तीसुद्धा शिक्क्याची. स्वतःच्या बापाला मान्यवर सभासद म्हणणारा मुलगा मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

बाबांना आता वाचता येत नाही हे तुला कळवलेलं आहे. डावा डोळा गेल्यातच जमा आहे, उजव्याला कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. समोर माणूस बसला तर त्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. त्यामुळे टपाल मी वाचून दाखवते. नाणेसंग्राहक मंडळाचा लिफाफा आहे म्हटल्यावर ते खुर्चीत ताठ बसले आणि सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मी मनात एक वाचलं आणि तोंडानं भलतंच वाचलं. म्हटलं, नाण्यांच्या यादीची नवी आवृत्ती निघतेय, जुन्या सभासदांचे आभार मानलेत, खाली संपादकांची सही आहे. ते म्हणाले, “त्याचीच ना?” मी हो म्हटलं. दिवसभर खुशीत होते.

आता तू खरं काय लिहिलंयस ते तुलाच वाचून दाखवते, म्हणजे ऐकायला कसं लागतं ते कळेल. ‘टाकसाळीची खूण साच्यावर पंचानं दोनदा ठोकली गेली असेल, तर ती चूक त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर उमटते. उलट, नाणं पाडताना साचा हलला असेल, तर दुहेरी कड त्या एकाच नाण्यावर येते. त्यामुळे केवळ एका नाण्यावर आधारलेल्या नोंदी वगळण्यात येत आहेत. आक्षेप असल्यास ३१ मेपर्यंत दुसरं नाणं दाखवा.’ पुढे मुदत वाढवायचा अधिकार संपादकांना आहे, म्हणजे तुला. त्याखाली सात नोंदींची यादी. तिसरी, क्रमांक ४१, आठ टोकांचा तारा. शोधणाऱ्यांत पहिलं नाव, बाबांचं.

हे शिक्षण तू कुणाला देतोयस? बाबांनी तीस वर्षं कारखान्यात यंत्रांच्या भागांवर पंच ठोकून आकडे उमटवले. हात वाकडा पडला की काय होतं, हे त्यांच्याएवढं मंडळात कुणाला कळत नसेल. त्या नाण्याकडे बघून ते म्हणायचे की या कारागिरानं आधी तारा तिरका ठोकला, मग वरचा साहेब यायच्या आत सरळ करून पुन्हा ठोकला, आणि पहिल्या ताऱ्याची तीन टोकं बाजूनं डोकावत राहिली. तीळभर ताऱ्यावरून त्यांना माणूस दिसायचा. आयुष्यात त्यांचं नाव पगाराच्या चिठ्ठीखेरीज कुठे छापून आलं असेल तर ते तुझ्या त्या यादीत, आणि ते तू खोडतोयस.

नवी यादी आली की ते मला एकेचाळीस नंबर काढून वाचायला सांगतील. तेव्हा मी काय वाचू ते कळव. नोंद ठेव. बाकीच्या सहांचं काय करायचं ते कर.

ताई

१९ मार्च

धाकट्या,

तीन ओळींचं उत्तर मिळालं. तीन ओळींत तीन अपमान बसवलेस, म्हणजे काटकसर तरी शिकलास म्हणायची.

नियम सगळ्यांना सारखे. बरं. भावना आणि यादी यांची गल्लत नको. ही ओळ तू आरशासमोर म्हणून पाहिली असणार. आणि तिसरी म्हणजे नाणं तुझ्याकडेच असल्यानं तू ते परत भिंगाखाली धरलंस, आणि तुझ्या मते तारा दोनदा ठोकलेलाच नाही, नुसता साचा हललाय. म्हणजे बाबा सदतीस वर्षं एका हललेल्या ठोक्यावर खूश आहेत.

ते नाणं तुझ्याकडे कसं आलं ते आठवतंय का? मी आठवण करून देते. जेवणाचं टेबल, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर बाबांनी जुन्या बाजारातून आणलेली पिशवीभर चांदीची नाणी. मी पंधरा वर्षांची, तू दहाचा. तुला ताप होता आणि एकट्याला खोलीत पडायचं नव्हतं, म्हणून तू चादर घेऊन टेबलाखाली झोपला होतास. बाबा तारखा बघत होते, मी तारे बघत होते. मी म्हटलं, बाबा, याला टोकं जास्त आहेत. त्यांनी भिंग लावून मोजली, परत मोजली, आणि मला उचलून गरकन फिरवलं, माझ्यासारख्या घोडीला. माझी चप्पल उडून तुझ्या पायावर पडली आणि तू भोकाड पसरलंस. त्या शोधात तुझा वाटा एवढाच.

मग यादी आली. ‘शोध : वडील व मुलगा.’ मी बाबांना विचारलं तर म्हणाले, अगं, मंडळात तशीच पद्धत आहे, मुलगा पुढे चालवतो ना. मी मूग गिळून बसले. तेव्हापासून तू पुढे चालवतोयस. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो दिसतो कसा, हे बघायला मला घराबाहेर जावं लागलं नाही.

नजरेचं म्हणशील तर तू फोटो बघतोस. मी पंचवीस वर्षं चांदी गाळणाऱ्याकडे नोकरी करते. मोडके चमचे, फोटोच्या चौकटी, पोचे आलेले पेले, नाणी, जे येईल ते निवडायचं, चुंबक लावायचा, कानस मारून आतलं बघायचं, मग मुशीत घालायला पुढे सरकवायचं. दर शनिवारी मालक त्या आठवड्याची नाणी मला घरी न्यायला देतात, सोमवारी परत आणायच्या बोलीवर. रविवारी बाबा ती एकेक करून बघायचे, दुसरं नाणं मिळावं म्हणून. गेली चार वर्षं मी बघते आणि ते शेजारी बसून विचारतात, “हे?” मी म्हणते, नाही. “हे?” नाही. असं दोनशे-अडीचशे वेळा. तू तुझा रविवार कसा घालवतोस?

तेव्हा साचा हललाय हे मला सांगू नकोस. साचा हलला तर कड पायरीसारखी सपाट येते. इथे टोकं गोल आहेत, भरीव आहेत, आणि दोन्हींवर जागच्या जागी आहेत. डोळे तपासून घे. आपल्या घराण्यात ती गरज आहे.

ताई

८ एप्रिल

धाकट्या,

“दोन्हींवर म्हणजे कुठल्या दोन्हींवर?” एवढंच विचारलंस. बाबांच्या ऑपरेशनचं कळवलं होतं तेव्हा उत्तराला दोन महिने लागले होते. या वेळी आठवड्यात आलं. नाण्यांची प्रकृती तू मनावर घेतोस.

रागाच्या भरात माझ्या हातून लिहून गेलं. पाकीट पेटीत टाकलं आणि चार पावलांवर लक्षात आलं. परत जाऊन पेटीच्या तोंडात हात जातो का तेही बघितलं. मनगटापर्यंत जातो. एक बाई माझ्याकडे बघत थांबली, म्हणून काढून घेतला.

तर ऐक. दुसरं नाणं माझ्याकडे आहे. एकोणीस वर्षं आहे.

तू घर सोडून गेलास तो गुरुवार. दुपारी दुकानात एक म्हातारी चहाच्या किटलीत नाणी घालून आली. भट्टी पेटलेली होती आणि मालक घाई करत होते. अकरावं की बारावं नाणं उचललं आणि मला आधी तडा दिसला. तारखेच्या शेवटच्या आकड्यापासून काठापर्यंत केसाएवढी बारीक, वर उठलेली रेघ, साच्याला तडा गेला की येते ती. आपल्या नाण्यावर आहे तीच, तिथेच, तेवढीच. मग तारा. मी टोकं मोजली नाहीत, गरजच नव्हती. मालकांनी ते भंगाराच्या वजनानं माझ्या पगारात धरलं आणि मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून पळत घरी आले. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. तू निघायच्या आत तिघांनी मिळून बघू, एवढंच डोक्यात होतं.

दार उघडंच होतं. बाबा तुझ्यासमोर उभे होते. पहिलं नाणं कापसात गुंडाळून काड्यापेटीत घातलेलं, ते तुझ्या हातात देत म्हणाले, “माझी नजर तुझ्यात उतरलीय. आता हे तुझं.” तू ते खिशात टाकलंस. मी पर्समध्ये हात घातलेला, मुठीत दुसरं नाणं. बाबांनी मला पाहिलं आणि म्हणाले, “आलीस? बरं झालं, त्याची बॅग खाली नेऊ लाग.” मी पर्समधून हात रिकामाच बाहेर काढला आणि तुझी बॅग उचलली. जड होती.

दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. रविवारी बाबांनी नाण्यांचं ताट पुढे ओढलं आणि म्हणाले, आता तो तिकडे शोधेल, मी इकडे शोधतो. तेव्हा मला वाटलं, शोधा. बसा दोघेही शोधत. मी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. आधी महिना गेला, मग वर्ष गेलं, आणि पुढे इतकी वर्षं झाली की सांगायची सोयच उरली नाही. नाणं शिवणाच्या डब्यात बटणांखाली आहे. बाबा त्या डब्याला हात लावत नाहीत, तो बायकांचा.

त्यांना मी दर रविवारी भिंगाला डोळा लावून बसलेलं बघितलं आहे. डोळे चोळायचे, पाणी मारायचे, परत बसायचे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, हा वयाचा आजार आहे, भिंगामुळे होत नाही. मी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा त्या तेच म्हणाल्या. माझा विश्वास बसत नाही.

यावरून तुझ्यावरचा राग उतरला असं समजू नकोस. निम्मा राग माझा माझ्यावर आहे, पण उरलेला निम्माही तुला पुरून उरेल. तुला नाणं बघायचंय तर इथे येऊन बघ. मी पाठवणार नाही. आणि बाबांना फोन करून काही बोलू नकोस, ते माझं मी बघेन.

ताई

२ मे

धाकट्या,

मे महिन्यात तुला निघता येणार नाही. नाणं मी विमा उतरवून रजिस्टर टपालानं पाठवावं. ते तुझ्या हातात पडलं की नोंद राहील आणि दुसऱ्या नाण्यापुढे तू ‘संपादकांच्या भगिनी’ असा उल्लेख करशील. वाचून मला हसूच आलं. सदतीस वर्षांपूर्वी मी कुणीच नव्हते, आता भगिनी झाले. या गतीनं शंभर वर्षांत माझं नावही येईल.

पण हे प्रकरण आता तुझ्या-माझ्यात राहिलेलं नाही. शुक्रवारी घड्याळवाले काका बाबांना भेटायला आले. तेही मंडळाचे सभासद, त्यांनाही तुझं पत्रक गेलेलं. मी कामावर होते. काका आपले कळवळ्यानं बोलून गेले की तुमची एकेचाळीस नंबरची नोंद काढतायत, फार वाईट वाटलं.

मी घरी आले तेव्हा टेबलावर सगळे जुने डबे उपडे केलेले होते. आपण कधीच्या बाजूला टाकलेल्या नाण्यांचा ढीग. बाबा एकेक नाणं उजव्या डोळ्याच्या कडेला धरत होते, मान वाकडी करून, भिंग तिरकं करून. काही दिसत नव्हतं. तरी दिसल्यासारखं बाजूला ठेवत होते. माझी चाहूल लागली तसे म्हणाले, “तू मला खोटं वाचून दाखवलंस.” मी हो म्हटलं. मग म्हणाले, उद्या मला दुकानात घेऊन चल, भट्टीत जायच्या आधी सगळी नाणी मी बघणार, महिना शिल्लक आहे.

मी शिवणाचा डबा आणला आणि नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं.

“हे काय?”

“दुसरं.”

त्यांनी मूठ मिटली.  मग विचारलं, “कधी मिळालं?”

आज मिळालं म्हटलं असतं तर घरात आनंदीआनंद झाला असता. मालकांना दोन शब्द सांगून ठेवले असते, काम झालं असतं. पण तोंडात आलं ते खरंच आलं. किटली, काड्यापेटी, बॅग, सगळं सांगितलं.

“एकोणीस वर्षं,” बाबा म्हणाले. “मग दर रविवारी मी काय करत होतो?”

“शोधत होतात.”

“आणि तू शेजारी बसून नाही म्हणत होतीस.”

तिथे माझाही तोल गेला. मी त्यांना विचारलं, पहिलं कुणी शोधलं होतं. त्यांनी लगेच सांगितलं, तू. क्षणभरसुद्धा आठवावं लागलं नाही त्यांना. मग नाव कुणाचं कळवलंत, विचारलं. ते म्हणाले, “तू कधी मागितलं नाहीस.” मी म्हटलं, “त्यानं तरी कुठे मागितलं होतं? तो झोपला होता.” 

मग म्हणाले, तारा काढून दाखव. मी तुझ्या पत्रकाच्या पाठीवर जाड काळ्या पेनानं तळहाताएवढा तारा काढला, पाच टोकं आणि बाजूची तीन. कागद डोळ्याच्या कडेला धरून त्यांनी बोटानं एकेक टोक मोजलं. तडा कुठून कुठे जातो विचारलं. मी सांगितलं. “म्हणजे तोच साचा,” ते म्हणाले, आणि तुला सांगते, चेहरा असा उजळला की मला वाटलं सुटलो. तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. “त्याला पाठवून दे. दोन्ही एकाच ठिकाणी असलेली बरी.”

मी म्हटलं, “नाही. हे माझं आहे.”

बावन्न वर्षांत मी त्यांना नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. नाण्यांबद्दल म्हटलं तेवढंच. त्यांनी मूठ उघडली, नाणं टेबलावर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. जेवण वाढलं की जेवतात, औषध दिलं की घेतात, विचारलं तर मान हलवतात. घरात दोघंच माणसं, त्यातलं एक बोलत नाही आणि दुसरं ओरडून थकलंय.

तू मात्र कामात आहेस.

ताई

२८ मे

धाकट्या,

सोबत दोन कागद आहेत. पहिला बाबांनी सांगितला, मी लिहून घेतला. जवळजवळ महिनाभर अबोला धरल्यावर ते सकाळी दाढी करून टेबलाशी येऊन बसले आणि म्हणाले, लिहून घे, संपादकाला. तुझं नाव घेतलं नाही. कागद हरवल्याची सबब सांगशील म्हणून इथेही उतरवते.

‘क्रमांक ४१ वरून माझं नाव काढावं. ते नाणं मी शोधलेलं नाही. माझ्या मुलानंही शोधलेलं नाही. ते माझ्या मुलीनं शोधलं आणि मी चुकीचं नाव कळवलं. दुसरं नाणंही तिनंच शोधलं. ते तिनं एकोणीस वर्षं माझ्यापासून लपवून ठेवलं. दोन्ही गोष्टी छापाव्यात.’

शेवटच्या दोन वाक्यांवरून आमचं कडाक्याचं वाजलं. मी म्हटलं, यादीत असलं कुणी छापत नाही, तिथे टोकं किती आणि तडा कुठे एवढंच असतं. ते म्हणाले, “माझी चूक छापून येणार. तुझी का नको?” मी म्हटलं, तुमच्या चुकीमुळेच माझी झाली. ते म्हणाले, “मग शेजारी शेजारी छापू देत.” तासभर भांडलो. खालच्या मजल्यावरून छताला काठी ठोकली गेली. शेवटी मी ते सांगतील तसं लिहिलं. सही कुठे करायची तिथे त्यांचं बोट ठेवलं, आणि त्यांनी कारखान्यात करायचे तशी ठसठशीत सही केली. मला माफ केलं का हे मी विचारलं नाही. बहुतेक नसावं.

हे भांडण मी त्यांचं नाव राहावं म्हणून सुरू केलं होतं. एवढ्या आयुष्यात छापून आलेलं एक नाव, ते त्यांनी आपल्या हातानं काढून टाकलं, आणि सही झाल्यावर मला आनंद झाला. लाज वाटली, पण आधी आनंद झाला. तुला हे सांगायचं कारण नाही, पण आता लपवायचा कंटाळा आला आहे.

दुसरा कागद माझा अर्ज. शोधणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव आहे, पूर्ण. ‘भगिनी’ हा शब्द कुठेही दिसला तर मी घड्याळवाल्या काकांपासून सुरुवात करून मंडळाच्या प्रत्येक सभासदाला पत्र लिहीन, आणि मला पत्रं लिहिता येतात हे तुला एव्हाना कळलं असेल. बाबांचा मजकूर जसाच्या तसा जाऊ दे. माझ्याबद्दलची वाक्यं दयेनं गाळू नकोस.

नाणं पाठवलेलं नाही. नियमाप्रमाणे संपादकानं ते डोळ्यांनी बघायला हवं, तर संपादकानं तिकीट काढावं. मुदत तीन दिवसांत संपतेय, पण ती वाढवायचा अधिकार तुला आहे, पत्रकात तूच छापलंयस. बाबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांची मुदत वाढवायचा अधिकार मंडळाकडे नाही.

येताना पहिलं नाणं आण. बाबांनी ते तुला दिलं होतं, पण ते द्यायला त्यांचं नव्हतं, हे त्यांनी काल माझ्या तोंडावर कबूल केलं. टपालानं पाठवू नकोस. पाकीट आलं तर मी न उघडता परत पाठवीन.

ताई